यंत्रानं वाचलेल्याचंही चावडी वाचन हवं

केळापूर तालुक्यातल्या एका गावच्या जुन्या नोंदवहीचं पान. 'मध्य प्रांत व वऱ्हाड' हा प्रांत होता त्या काळातलं, म्हणजे १९५० च्या आधीचं. कागद तपकिरी पडलाय, कडा भुगा होऊन गेल्यात, मधोमध घडी पडलीय आणि ती घडी नेमकी एका आडनावावरून गेलीय. पटवाऱ्यानं टाकानं लिहिलेलं बाळबोध अक्षर, घाईतलं, उजवीकडे कललेलं. 'त्रा'वर शाई फुटलीय. आडनाव आत्राम. मी तयार केलेल्या, हस्ताक्षर वाचणाऱ्या संगणकी मॉडेलला या पानाचं छायाचित्र दिलं, तेव्हा त्यानं ते वाचलं 'आत्माराम'.

ते अडखळलं नाही. शंकेची खूणही केली नाही. शेजारच्या रकान्यातलं 'बैल जोडी १' जितक्या ठामपणे वाचलं, तितक्याच ठामपणे हेही वाचलं.

आत्राम हे गोंडांचं आडनाव. आत्माराम कोणाच्याही घरात असू शकतो. ज्या घरचं हे पान, त्या घरच्या नातवाला उद्या जात पडताळणी समितीसमोर उभं राहायचं असेल, तर १९५० आधीच्या कागदाला सोन्याचं मोल असतं, आणि त्या कागदावरचं आडनाव हाच त्याचा सगळा दावा. एक जोडाक्षर हललं की आजोबा नाहीसे होतात. या वेळी काही बिघडलं नाही. तो फक्त माझा प्रयोग होता आणि मूळ नक्कल घरच्यांच्या पत्र्याच्या पेटीत सुखरूप होती. पण तेव्हापासून मी माझ्या कामाकडे वेगळ्या नजरेनं पाहतो, आणि त्याबद्दल आपल्याकडच्या लोकांशी बोलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मी कॉम्प्युटर व्हिजनमध्ये काम करतो. यंत्राला हस्ताक्षर वाचायला शिकवणं आणि हाताच्या खुणा ओळखायला शिकवणं, ही माझी दोन कामं. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडचं. जुनी दप्तरं यंत्राकडून वाचून घ्यायची, अर्ज यंत्रानंच वाचायचे, बँकेतल्या स्लिपा यंत्रानं वाचायच्या, ही लाट आपल्या तहसिलीपर्यंत येणार आहे. ती यावी असंच मला वाटतं. माझी मागणी एकच आहे. यंत्रानं वाचलेलं काहीही गावात मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय 'नोंद' ठरू नये. आणि ज्या यंत्राला 'वाचता आलं नाही' असं म्हणता येत नाही, ते सरकारी दप्तराला लावूच नये.

यंत्र वाचतं म्हणजे काय करतं, ते आधी सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे. पूर्वीची पद्धत अक्षर तोडून वाचायची होती. देवनागरीत शिरोरेषा सगळ्या अक्षरांना बांधून ठेवते, म्हणून आधी ती रेघ पुसायची, मग अक्षरं सुटी करायची, मग वरच्या मात्रा आणि खालचे उकार वेगळे काढायचे. आपल्याकडे हे काम जुनं आहे. सिन्हा आणि महाबला यांचा देवनागरी यंत्रवाचनावरचा निबंध १९७९ चा आहे. पण गावच्या पटवाऱ्याची शिरोरेषा सरळ नसते. कधी ती शब्दाच्या अर्ध्यातच संपते, कधी तिच्यावरच वेलांटी बसलेली असते. त्यामुळे तोडून वाचणं जमेना. २००६ च्या सुमारास नवी तऱ्हा आली. ओळ तोडायचीच नाही. ओळीच्या अरुंद उभ्या पट्ट्यांवरून नजर फिरवत जायचं आणि प्रत्येक पट्टीला 'इथं कोणतं अक्षर असण्याची किती शक्यता' एवढंच ठरवायचं. शेवटी सगळ्या शक्यता जोडून सर्वांत संभवनीय शब्द बाहेर काढायचा.

'सर्वांत संभवनीय' या शब्दांत आत्रामचा घात आहे. जिथं शाई फुटली तिथं यंत्राला दिसत काहीच नाही, मग ते आठवतं. आणि आठवणार काय, तर ज्यावर ते शिकलं तेच. आत्माराम त्यानं शेकडो वेळा पाहिला असेल, आत्राम कदाचित एकदाही नाही. म्हणजे ते वाचत नाही, न दिसलेलं भरून काढतं, आणि भरून काढलेलं आणि दिसलेलं यांत काही फरक दाखवत नाही.

मग ते शिकलं कशावर? या क्षेत्रातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात एक अंकसंग्रह भेटतो, एमनिस्ट नावाचा. ७०,००० हस्तलिखित अंक, प्रत्येक २८ गुणिले २८ ठिपक्यांच्या चौकटीत. ते अंक लिहिणारे कोण, तर अमेरिकेच्या जनगणना खात्यातले कर्मचारी आणि तिथल्या हायस्कूलची मुलं. त्याच्याही आधी, १९८९ साली, संशोधक यान लकून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राला शिकवलं ते बफेलो शहराच्या पोस्टातून जाणाऱ्या टपालावरचे पिनकोड वाचायला. फार मोठं काम होतं ते. आजची सगळी इमारत त्यावर उभी आहे आणि मीही त्याच पायऱ्यांवरून वर आलो. पण त्या टपालात आपलं एकही पाकीट नव्हतं.

देवनागरीसाठी पुढे संग्रह झाले, नाही असं नाही. त्यांतला एक फार वापरला जातो, नेपाळच्या संशोधकांनी २०१५ साली केलेला. ९२,००० चित्रं, ४६ वर्ग, प्रत्येक अक्षराचे २,००० नमुने. त्यांनी तो त्यांच्या भाषेसाठी केला, चोख केला आणि सगळ्यांना फुकट दिला. आता त्यातली अक्षरं मोजून पाहा. क ते ह, मग क्ष, त्र, ज्ञ, आणि दहा अंक. ळ नाही. नेपाळीला त्याची गरजच नाही. आपल्याकडे मात्र नुसत्या या संग्रहावर शिकलेल्या यंत्राला 'यवतमाळ' हा शब्द शेवटपर्यंत वाचताच येणार नाही. शाळा, नळ, डाळ, तळं, केळापूर, काहीच नाही.

हैदराबादच्या ट्रिपल आयटीनं २०१८ साली शब्दांचा मोठा संग्रह काढला, ९५,००० हून जास्त हस्तलिखित शब्द. लिहिणारी माणसं बारा. बारा! शब्द हिंदीचे. हिंदीत 'ऱ्य', 'ऱ्ह' ही जोडणी नाही, म्हणजे तो वाकडा, पापणीसारखा रफार हिंदीवर शिकलेल्या यंत्रानं पाहिलेलाच नसतो. आपण तर 'शेतकरी', 'पटवारी' या शब्दांना नुसता प्रत्यय लावला की तो येतो: शेतकऱ्याला, शेतकऱ्याचं, पटवाऱ्यानं. 'वऱ्हाड' हे नावच त्या रफाराशिवाय लिहिता येत नाही. मी कोणाचा दोष काढत नाही. ज्यांनी हे संग्रह केले त्यांनी वर्षं घालवली, म्हणून आम्हाला सुरुवात तरी करता आली. मला एवढंच म्हणायचंय की त्या संग्रहांवर मोजलेली अचूकता घेऊन कोणी आपल्या तहसिलीत आला, तर तो आकडा आपला नाही.

आकड्याचं तर आणखी वेगळंच आहे. 'आमची प्रणाली ९५ टक्के अचूक' असं ऐकलं की ऐकणारा मान डोलावतो. शाळेत ९५ टक्के म्हणजे पेढे वाटायचे. पण हे ९५ टक्के अक्षरांचे असतात. नोंदवहीच्या एका ओळीत नाव, बापाचं नाव, आडनाव आणि क्षेत्र मिळून सहज २० अक्षरं होतात. चुका सगळीकडे सारख्या विखुरलेल्या आहेत असं धरलं, तर अख्खी ओळ निर्दोष येण्याची शक्यता उरते ३६ टक्के. म्हणजे तीन ओळींतल्या जवळजवळ दोन ओळींत काही ना काही चुकलेलं. अचूकता ९९ टक्क्यांवर नेली तरी दर पाच-सहा ओळींमागे एक ओळ बिघडते. ती बिघडलेली ओळ कोणाची, हे घोषणेत सांगत नाहीत.

त्यातही चूक कुठे पडते ते पाहा. हातानं लिहिलेला १ आणि ९ यांत फरक असतो तो शेपटीच्या वळणाचा. घाईत लिहिणारा पटवारी ती शेपटी कधी ओढतो, कधी सोडतो. १९ आर आणि ९१ आर यांत ७२ आर म्हणजे जवळजवळ पावणेदोन एकराचा फरक आहे. दोन सख्ख्या भावांची तोंडं आयुष्यभर फिरवायला पावणेदोन एकर पुष्कळ होतात.

कोणी म्हणेल, माणूस काय चुकत नाही? चुकतो की. हातानं लिहिलेले सातबारे संगणकावर चढवले गेले तेव्हा किती चुका झाल्या, हे गावातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद दुरुस्त करता येतो, ही सोय कागदावर आहे. पण त्यासाठी अर्ज, नकला, तारखा, आणि प्रत्येक तारखेला एक रोज बुडवून तालुक्याला जाणं. चूक कार्यालयाची, मजुरी शेतकऱ्याची. तरीही माणसाच्या आणि यंत्राच्या चुकीत मला एक मोठा फरक दिसतो. टाइप करणाऱ्या दहा पोरांच्या चुका दहा तऱ्हेच्या असतात. एक आत्राम चुकवतो, दुसरा बरोबर लिहितो. यंत्र एकच असतं. त्याला जे आडनाव ठाऊक नाही, ते जिल्ह्याच्या प्रत्येक गावात, प्रत्येक पानावर, त्याच दिशेनं चुकण्याचा धोका असतो. आत्राम, टेकाम, कोडापे, मडावी. देशमुख आणि पाटील सहसा बरोबरच येतील, कारण ते सगळीकडे आहेत. म्हणजे चुका विखुरत नाहीत, ठराविक लोकांच्याच वाट्याला येतात, आणि ज्यांच्याकडे दुसरा कागद नाही नेमके तेच हे लोक.

आणि म्हणून मला चावडी वाचन आठवतं. २०१७ साली संगणकीकृत सातबाऱ्यांचं चावडी वाचन राज्यभर झालं. आमच्या गावात ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पटवारी खुर्ची टाकून बसले आणि एकेक खातं मोठ्यानं वाचू लागले. उन्हाळ्याचे दिवस, लोक निंबाच्या सावलीत. माझ्या चुलत आजोबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या खात्यावर वडिलांचं नाव वाचलं गेलं, 'तुळशीराम'. म्हातारा बसल्या जागेवरून म्हणाला, "थांबा साहेब. तुळशीराम माह्या काकाचं नाव हाय. माह्या बापाचं नाव तुकाराम." पटवाऱ्यांनी पेन्सिलीनं खूण केली आणि पुढचं खातं घेतलं. इतकं सोपं. ज्याला अक्षर ओळखता येत नाही त्यानं कानानं चूक पकडली, कारण नाव त्याचं होतं. संगणकाच्या पडद्यावर तीच नोंद त्याला दहा वर्षं दाखवली असती तरी कळली नसती.

लोकांना दप्तर तपासायला लावण्याची ही पद्धत आपल्या महसुली व्यवस्थेत आयती पडली आहे. यंत्रासाठी बाहेरून काही नवं आणायला नको. यंत्रानं वाचलेल्या गावच्या नोंदी गावात वाचा. ओट्यावर पडदा लावा, एका बाजूला मूळ पानाचं छायाचित्र, दुसऱ्या बाजूला यंत्राचं वाचन, आणि कोणीतरी मोठ्यानं वाचणारं. जिथं यंत्राची खात्री कमी, तिथं पिवळा रंग. हा पिवळा रंग काढणं आम्हाला अवघड नाही, कारण प्रत्येक अक्षराची शक्यता यंत्राकडे असतेच. तो आकडा लपवला जातो, कारण पिवळ्यानं भरलेलं पान विकायला वाईट दिसतं. त्यावरही आंधळा विश्वास ठेवायचा नाही. आत्माराम ठामपणेच वाचला गेला होता. पिवळा रंग पहिली चाळणी. दुसरी चाळणी गावाचे कान.

मला लोक विचारतात, मग तुझं यंत्र हवंच कशाला? हवं, कारण कागद वाट पाहणार नाहीत. दप्तरखान्यातली वाळवी आणि पावसाळ्याची ओल कोणाच्या संशोधनासाठी थांबत नाही. मात्र इथं दोन कामं आहेत आणि ती वेगळी ठेवायला हवीत. छायाचित्र काढून ठेवणं हे आजच्या आज करायचं काम. वाचणं सावकाश झालं तरी चालेल. निविदा निघतात तेव्हा दोन्ही एकाच गाठोड्यात बांधतात आणि मग वाचनाचीही घाई होते.

शिवाय, शोधायला यंत्रासारखा गडी नाही. वनहक्क कायदा २००६ चा. त्यात 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून दावा करणाऱ्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. म्हणजे १९३० च्या मागे जाणारा पुरावा. झरी-जामणीच्या एखाद्या पाड्यावरचा माणूस तो शोधणार कुठे? कोणत्या दप्तरात, कोणत्या गाठोड्यात? यंत्रानं हजारो पानं चाळून 'तुम्ही म्हणता ते नाव या बारा पानांवर असू शकेल' एवढं जरी सांगितलं, तरी त्या माणसाचे कित्येक हेलपाटे वाचतात. बारा पानं तो आणि त्याच्या सोबतचा वाचता येणारा माणूस डोळ्यांनी पाहतील. शोधताना यंत्र चुकलं तर एक पान जास्त पाहावं लागतं. ठरवताना चुकलं तर जमीन जाते. जुनी काही दप्तरं मोडीत असतात, तिथं तर आणखी सावध राहायला हवं. मोडी लिहिताना हात उचलत नाहीत, शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक यादीत, मोडीला जागा मिळाली २०१४ साली, आणि मोडी वाचणारी माणसं आता इतकी थोडी आहेत की यंत्राचं वाचन तपासायचं कोणी, हा प्रश्न यंत्राच्या आधी सोडवावा लागेल.

हाताच्या खुणांचं सांगायचं राहिलं. तिथंही हेच दुखणं आहे, फक्त जास्त उघडं दिसतं. कॅमेऱ्यातून हात ओळखणारी आजची सर्रास वापरातली प्रणाली हातावर २१ बिंदू बसवते. प्रत्येक बोटाला चार आणि एक मनगटाला. आमच्या शेजारच्या काकांचं उजव्या हाताचं पहिलं बोट कडबाकुट्टीत गेलं, त्याला बरीच वर्षं झाली. दिवाळीत मी घरी असताना त्यांनी कुतूहलानं माझ्या फोनच्या कॅमेऱ्यासमोर हात धरला. पडद्यावर त्यांच्या हातावर हिरवे बिंदू उमटले आणि जिथं बोट नाही तिथंही चार बिंदू उमटले. हवेत. काकांनी हात हलवला तसं ते बोटही हललं. ते बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, "हे माह्यं नाही." आणि हात खाली घेतला.

यंत्राला २१ बिंदू द्यायचेच असतात, वीस किंवा सतरा देण्याची मुभा आम्ही त्याला दिलेली नाही. शाईचा डाग पडला की ते अक्षर बसवतं, बोट तुटलं की बोट बसवतं. ज्या भागात कडबाकुट्टी आणि मळणी यंत्रात बोटं जातात, कापूस वेचून बोटांची टोकं चिरलेली असतात, तिथं धडधाकट हाताचा नमुना गृहीत धरून कोणतीही सरकारी सोय उभी करणं म्हणजे ज्यांना ती सोय हवी त्यांनाच दाराबाहेर ठेवणं. अंगठ्याचा ठसा न उमटल्यामुळे रेशनच्या दुकानातून परत फिरलेल्या बाया मी पाहिल्यात. तीच चूक पुन्हा कॅमेऱ्यानं करायची का?

सांकेतिक भाषेचं तसंच. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचं अपंगत्व असलेले सुमारे ५० लाख लोक नोंदले गेले. २०२० साली भारतीय सांकेतिक भाषेचा 'इन्क्लूड' नावाचा संग्रह आला, २६३ शब्दांच्या चार हजारांवर चित्रफिती, चेन्नईच्या एका कर्णबधिर शाळेतल्या मुलांनी केलेल्या खुणा. मोलाचं काम. आमच्या गावात एक कर्णबधिर तरुण आहे, तो कधी अशा शाळेत गेला नाही. त्याच्या खुणा त्यानं, त्याच्या आईनं आणि गावानं मिळून बनवल्यात. पटवारी सांगायचा असेल तर तो काखेत बस्ता दाबल्यासारखा हात धरतो. कापूस म्हणजे तीन बोटांनी हवेतून ओढून कमरेच्या ओटीत टाकणं. दोनदा ओढलं तर फरतड, म्हणजे त्याच झाडांवर पुन्हा घेतलेला कापूस. कोणत्याही कोशात ही भाषा नाही, पण पाचशे माणसांच्या गावात ती चालते. उद्या तहसिलीत 'खुणा ओळखणारी खिडकी' बसली आणि तिनं याला 'अनोळखी' म्हटलं तर मला चालेल. तिनं त्याची फरतडीची खूण दुसऱ्याच कुठल्या शब्दात बसवून त्याच्या नावानं अर्ज छापला, तर नाही चालणार.

इथं आमच्यासारख्यांवर जबाबदारी येते. आपल्या भागाची अक्षरं, आपल्या भागाचे हात यंत्राला शिकवायला द्यायचे असतील, तर ते गोळा करण्याचीही रीत हवी. मी बचत गटांच्या नोंदवह्या मागितल्या, कारण आजच्या गावातलं जिवंत हस्ताक्षर तिथं आहे. पण त्या वहीत कोणी किती कर्ज घेतलं, कोणाचा हप्ता थकला, हेही आहे. म्हणून वह्या नेल्या नाहीत. बायांना कोरे कागद दिले, ठरलेले मजकूर दिले आणि लिहिण्याचे पैसे दिले, शेतातल्या रोजाच्या हिशोबानं, कारण त्या दिवशी त्या निंदणाला गेल्या नाहीत. कोणाचं हस्ताक्षर कशासाठी वापरणार ते सांगितलं, आणि नको म्हटलं त्यांचं घेतलं नाही. यात काही मोठेपणा नाही. अक्षर हा कष्टाचा माल आहे, आणि कापसासारखाच तोही गावातून स्वस्तात उचलून बाहेर महाग विकला जाऊ शकतो.

आणि त्या कागदांनी मला जे शिकवलं ते कोणत्याही निबंधात नव्हतं. ठरलेल्या मजकुरानंतर मी 'मनानं काही लिहा' म्हटलं होतं. आमच्याकडे बोलताना ळ चा य होतो. म्हणून कागदावर आलं 'मंगयवार', 'शाया', 'दाय'. एका बाईनं लिहिलं होतं, 'दायीसाठी दोनशे रुपये घेतले'. डाळीसाठी. मॉडेलनं वाचलं 'गायीसाठी'. दायीसाठी हा शब्द त्याच्या शब्दसंग्रहात नव्हता, गाय होती. माझ्याच एका सहकाऱ्यानं सुचवलं की प्रमाण मराठीचा कोश जोडून हे सगळं 'शुद्ध' करून घेऊ, अचूकता वाढेल. वाढलीही असती. पण त्या बाईनं लिहिलं ते आणि मला वाचून मिळालं ते, या दोन्हींत दोनशे रुपयांच्या डाळीपासून एका जनावराइतकं अंतर पडलं असतं. मी कोश काढून टाकला. अक्षराला अक्षर, जसं दिसेल तसं, आणि दिसत नसेल तिथं पिवळी चौकट. मोजणीत माझे आकडे खाली आले.

तीच पिवळ्या चौकटींची पानं घेऊन मी परत त्या गटाकडे गेलो. गटाच्या सचिव असलेल्या ताईंनी चष्मा लावला आणि पेन घेऊन बसल्या. एकेक चौकट पाहायच्या, ओठांतल्या ओठांत वाचायच्या आणि वर लिहायच्या. मंगयवार तसाच ठेवला. एका चौकटीत कोणाचंतरी नाव होतं, लिहिणारीचा हात थरथरलेला. ताईंनी कागद उजेडाकडे धरला, आडवा केला, शेजारणीला दाखवला. मग चौकट कोरी ठेवून मला म्हणाल्या, "हे मलेबी वाचता येत नाही, भाऊ. त्याइच्या घरी जाऊन विचारा लागन." आणि चपला घालून उठल्या.